मीठ वासावरून कळतं

मी वाइन पीत नाही. "एक घोट घ्या हो, काही होत नाही," असं कोणी म्हणालंच, तर त्याच्याकडे मी अशी बघते की पुढच्या वेळी तो मला पाणी विचारतानाही दोनदा विचार करतो. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, नुसत्या नजरेनं वर्ग खाली बसवायची सवय आहे. तरीसुद्धा येडगाव धरणाच्या काठावर जी एक छोटीशी वायनरी आहे, तिथली एकही बाटली आज माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. हे कसं काय झालं ते सांगते. सांगताना मधेच माझा आवाज चढेल, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांचा जन्म वाइनच्या कामात गेला. आधी दुसऱ्यांकडे, आणि आता ही छोटी वायनरी निघाल्यापासून इथं. वाइन म्हणजे साधीसुधी नाही, बुडबुड्यांची. ती करायची रीत मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलीय की मी आता झोपेतही ती चौथीच्या वर्गाला शिकवीन. तयार वाइन बाटलीत भरायची, त्यात जराशी साखर आणि यीस्ट घालायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली अंधारात आडवी ठेवून द्यायची. आत ती पुन्हा आंबते, गॅस तयार होतो, बाहेर पडायला जागा नसते, म्हणून बुडबुडे. मग मेलेल्या यीस्टचा गाळ उरतो. तो बुचापाशी यावा म्हणून बाटल्या लाकडी फळ्यांच्या भोकांत उलट्या अडकवतात आणि रोज हातानं थोड्या थोड्या फिरवतात. शेवटी बाटलीची मान गोठवून बूच काढलं की गाळाचा गोळा फटकन उडून जातो. त्यानंतर वरून गोडासाठी साखर घालतात. ती जवळजवळ घातलीच नाही, की झाली ड्राय.

या फिरवण्याचा परिणाम आमच्या घरावर झाला. ह्यांच्या हाताला कुठलीही बाटली सरळ उभी दिसली की चैन पडत नाही. तेलाची बाटली, लोणच्याची बरणी, माझ्या गुडघ्याच्या तेलाची शिशी, येता जाता सगळ्यांना टक टक करून थोडा थोडा पीळ. सकाळी देवाकडे तोंड करून ठेवलेली गुलाबपाण्याची बाटली संध्याकाळी भिंतीकडे बघत असायची. मी ओरडले की म्हणायचे, "आगं, हाताला कळत न्हाई ते घर हाय का वायनरी."

घरात यायचा त्यांना एक नियम होता. वायनरीतून आले की आधी न्हाणीत जायचं, आंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा. त्या यीस्टचा आंबूस वास त्यांच्या शर्टाला, केसांना, मिशांनासुद्धा यायचा. माझ्या चुलीपाशी मला तो नको होता. लग्न झाल्यापासून हा नियम मी एकदाही मोडू दिला नाही. थंडीत, तापात, दिवाळीच्या पहाटेसुद्धा नाही.

आणि ह्यांचं नाक! वायनरीत कोणी काही म्हणो, काकांनी नाक लावल्याशिवाय बाटली पाहुण्याच्या पेल्यात जायची नाही. वायनरीचे मालक म्हणजे आमच्या गावचाच तरणा मुलगा, बाहेर शिकून आलेला. तो ह्यांना काका म्हणतो आणि मला काकू. तोसुद्धा बाटली उघडली की पहिला पेला ह्यांच्याकडे सरकवायचा. हे पेला गोल फिरवायचे, डोळे मिटायचे आणि नाक आत घालायचे. सगळे गप्प. मग एक शब्द, "चांगली," किंवा "नको." तेवढ्या एका शब्दावर हा माणूस ताठ मानेनं गावात फिरायचा.

काही वर्षांपूर्वी ह्यांना तो साथीचा ताप आला. दहा दिवसांत उतरला, आम्ही नारळ वाढवला आणि विसरून गेलो. मग दोनेक वर्षांनी एके दिवशी मी परड्यात मेथी निवडत बसले होते आणि दूध गॅसवर राहिलं. आठवलं तेव्हा धावत आत आले तर घरभर करपटलेला वास, पातेलं काळंठिक्कर, आणि हे तिथंच गॅसच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतायत. वर मला विचारतात कसं, "च्या झाला का?"

माझं डोकंच फिरलं. "नाक आहे का भोपळा? शेजारचा माणूस धावत यायची वेळ आली!" असं मी जे सुरू केलं ते पाच मिनिटं थांबलेच नाही. मग माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. ते पातेल्याकडे बघत होते. चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं.

मी मास्तरीण. खात्री केल्याशिवाय सोडत नाही. त्यांना डोळे मिटून बसवलं आणि नाकासमोर एकेक वस्तू धरली. कांदा चिरून धरला, म्हणाले, "काकडी?" कापूर धरला, काहीच नाही. शेवटी हिंगाची डबी उघडून अगदी मिशांना टेकवली. जरा विचार केला आणि म्हणाले, "गुलाब असंल."

मला हसू फुटलं. इतकं हसले की डबी हातातून पडली. आणि हसता हसता बघितलं तर ते हसत नव्हते. मग मला रडू आलं. उगाच कशाला लपवू, चांगली हुंदके देऊन रडले.

"किती दिवस झाले?"

"तापापासनं."

"आणि वायनरीत?"

"आठवणीवर चालवतो. बाटली कुठल्या रानाची, कधी भरली, सगळं डोक्यात हाय. डोळे मिटायचे, इचार करायचा आन् सांगायचं. आजून चुकलो न्हाई."

"अजून!" मी म्हणाले.

मग त्यांनी मन मोकळं केलं. त्या वायनरीत स्वतःची म्हणावी अशी पहिली ड्राय वाइन तीन वर्षांपूर्वी बाटलीत भरली होती. ह्यांनी स्वतः भरली, स्वतः आडवी लावली, आणि आता फळ्यांवर चढवून रोज स्वतःच्या हातानं फिरवत होते. ती बाहेर निघाली की पहिला पेला त्यांना नाकाला लावायचा होता. मालकांना कळलं तर ते काही वाईट बोलले नसते, पण प्रेमानं म्हणाले असते, काका, आता गेटवर खुर्ची टाकून आराम करा. "मला गेटवर न्हाई बसायचं," हे म्हणाले. "एवढी एक खेप बाहेर पडू दे. मग मीच सांगतो त्याला. तवर तू गप ऱ्हा."

मी गप्प राहण्याचं वचन दिलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड वचन.

वायनरीतली ही खेप निघायची वेळ आली आणि मालकांनी नवंच काढलं. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातली माणसं चाखायला येणार होती. त्यांना ही वाइन इथल्याच खाण्याबरोबर द्यायची, आणि कुठलं खाणं तिला शोभतं ते काकांनी ठरवायचं. ह्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आवाज बसला होता. नमुन्याला दिलेल्या छोट्या बाटल्यांपैकी एक पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली. आणि हो, तिला आधी एक पीळ दिला.

"ठरवू कसं? मला नुसतं टोचल्यालं कळतं जिभेला. आंबट, खारट, गोड कळतं. बाकी पाणी."

मी वाटीत थोडी ओतून घेतली आणि वास घेतला. प्यायची नाही म्हणजे नाही, पण वासाला कोण अडवतं? "ह्याला तव्यावर भाकरी पालथी करताना येतो तो वास आहे," मी म्हणाले. "आणि मागं सालीसकट चिरलेली कैरी. गोड कुठंच नाही."

हे खुर्चीतून उठलेच. "भाकरी! आगं, ते बाहेरचे लोक याला टोस्ट म्हणत्यात. यीस्टवर लई दिवस ठेवली की येतो तो. तुला कसं कळलं?"

आता मला कसं कळलं ते सांगते, कारण ह्या गोष्टीत माझ्या सासूबाईंचा वाटा आहे. आमच्या घरात सणाचा स्वयंपाक देवाला दाखवल्याशिवाय चाखायचा नाही. गौरी असोत, नवरात्र असो, कुळाचार असो, वीस माणसांची आमटी मी तोंडात थेंब न घालता करते. मीठ कमी पडलं की कळणार कसं? वासावरून. अळणी आमटीचा वास चपटा येतो, वर उठत नाही. मीठ बरोबर झालं की तोच वास पातेल्यातून सरळ नाकात येतो. पहिल्या वर्षी माझी आमटी अळणी झाली होती आणि सासूबाई सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "नाक कशाला दिलंय?" त्या दिवसापासून आजवर माझा नैवेद्य अळणी झालेला नाही. इतकी वर्षं मी हे नाक फक्त मिठापायी राबवत होते, त्याचा दुसरा काही उपयोग असेल असं ध्यानीमनी नव्हतं.

तर ठरलं. नाक माझं, जीभ त्यांची. रोज दुपारी जेवणं झाली की मी एकेक पदार्थ करायचा, ते चाखणार, मी हुंगणार, आणि वहीत लिहायचं. मी चौकटी आखल्या, गुण दिले, शेरा लिहिला. सवय जात नाही.

पहिला नंबर ठेच्याचा. ह्यांचाच हट्ट. म्हणाले, इथली वस्तू म्हणजे ठेचा, भाकरीबरोबर त्यांना दाखवू. एक घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ते बुडबुडे तिखटाला असे काही चेतवतात की विचारू नका. अर्धा तास माणूस ताकाचा तांब्या तोंडाला लावून बसला होता. शेरा: नापास, पुन्हा बसू नये.

मग मी पुरणपोळी केली. पाहुणे येणार आणि पानात गोड नाही, हे मला कसं पटेल? तोंड गोड केल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला पाणीसुद्धा देत नाहीत. पण पुरणपोळीच्या घासावर ती वाइन प्यायल्यावर ह्यांचं तोंड असं वाकडं झालं की मला वाटलं माझी पोळीच बिघडली. "लिंबू पिळल्यागत लागलं," म्हणाले. गोडापुढे ती बिचारी वाइन नुसती आंबट होऊन जाते. माझ्या पुरणपोळीला नापास करणारी ही पहिलीच वस्तू. मी दोन दिवस त्या बाटलीशी बोलले नाही.

तळलेलं मात्र एकामागून एक पास होत गेलं. कांदा भजी पास. खारे शेंगदाणे पास. धरणातली चिलापी मासळी तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळली, तर हे दुसरा तुकडा मागायच्या आधी पेला पुढे करायला लागले. तळल्यावर तोंडात जो तेलकटपणा राहतो तो बुडबुडे धुऊन नेतात, म्हणून पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. बाजरीची भाकरी आणि ताजं लोणी, नुसतं, वर मीठ. त्याला तर ह्यांनी दहापैकी अकरा दिले. मी म्हटलं, दहापैकी अकरा देता येत नाहीत. ते म्हणाले, तुज्या शाळंत येत नसतील.

आणि मासवडी. आमच्या भागात राहून मासवडी माहीत नाही असं होत नाही, पण लांबच्या वाचकांसाठी सांगते. तिच्यात मासा नसतो. बेसनाचं शिजवलेलं पीठ फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं भाजकं सारण घालून गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. बरोबर झणझणीत रस्सा. तो रस्सा वाइनपुढे ठेच्याच्याच रांगेत जाऊन बसला. पण नुसती वडी, कोमट, वर चार दाणे मीठ! तिळाचा भाजका वास आणि त्या वाइनचा भाकरीचा वास एकाच घरातले निघाले. मी आनंदानं ओरडले. माहेर पेठ गावचं असल्यानं मासवडीचा मला जरा गर्व आहे, तो त्या दिवशी वाढला.

कुरडई मात्र ह्यांनी एकट्यानं निवडली. तळलेली कुरडई कानाशी धरून मोडली, मग पेला कानाशी धरला. दोन-तीनदा असं केलं. "आवाज येकच हाय," म्हणाले, "ऐक." मी ऐकलं. खरंच सारखाच होता, बारीक बारीक फुटण्याचा. त्यांच्याकडे जे उरलं होतं त्यात ते असं काहीतरी शोधत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं, जे आमच्यात फारसं होत नाही.

आता राहिला प्रश्न त्या दिवसाचा. खाणं ठरलं, पण पाहुण्यांसमोर प्रत्येक बाटली उघडल्यावर तिला नाक लावून ती द्यायची की नाही ते ह्यांनीच सांगायचं होतं. एखादी बाटली बुचामुळे बिघडलेली निघते. ती पाहुण्यांच्या पेल्यात गेली की तीन वर्षांचं काम पाण्यात. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. प्रत्येक बाटलीची पहिली धार ह्यांनी एका वेगळ्या पेल्यात घ्यायची आणि पेला विसळायचा म्हणून माझ्या हातात द्यायचा. मी वायनरीतल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं, वास घ्यायचा आणि वळायचं. तोवर ह्यांनी आपला पेला फिरवत, डोळे किलकिले करत वेळ काढायचा. खोकला नको, हल्ली खोकलं की लोक दचकतात. हातात ताटं असणार, म्हणजे हातवारे नकोत. शेवटी हेच म्हणाले, "पदर. डोक्यावर पदर घेतलास की बाटली चांगली. न्हाई घेतलास की खराब. तू कवाच घेत न्हाईस, म्हंजी चूक व्हायचा सवालच न्हाई."

खरं होतं. शाळेत शिकवायला लागल्यापासून मी डोक्यावरचा पदर सोडलाय. मला खूण पटली. मास्तरणीची अक्कल त्या दिवशी कुठं गेली होती, देव जाणे.

पाहुणे आले. एक हॉटेलच्या मुख्य स्वयंपाकीण बाई, केस बारीक कापलेल्या, डोळे चौकस, आणि त्यांच्याबरोबर एक तरुण, लिहून घेणारा. वायनरीच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं, खाली धरणाचं पाणी. हे पांढरा शर्ट घालून, मिशा विंचरून उभे. मालकांची धावपळ चाललेली.

पहिली बाटली. धार माझ्या हातात आली, मी दाराशी गेले, वास घेतला. भाकरी, कैरी, सगळं जागच्या जागी. पदर डोक्यावर. ह्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चांगली." कुरडई गेली. बाईंनी कुरडई मोडली आणि ह्यांच्याकडे बघून हसल्या. दुसरी बाटली, पुन्हा पदर, पुन्हा "चांगली," मासवडी गेली. बाईंनी दुसरी वडी स्वतःहून उचलली. मी मनात म्हटलं, जमतंय की!

तिसरी बाटली. पेला नाकाशी नेला आणि मागेच सरकले. भिजून तसंच पडलेलं गोणपाट उचलल्यावर येतो तो वास. भाकरी नाही, कैरी नाही, काही नाही. मी पदर कमरेला घट्ट खोचला आणि वळले.

आणि त्याच क्षणी मागच्या दारानं काठी टेकत आबा आत आले. आबा म्हणजे मालकांचे वडील, ऐंशीच्या पुढचे, नात्यानं मला सासऱ्याच्या जागी. मी शपथेवर सांगते, मला काही कळलं नाही. हात आपोआप गेला, खोचलेला पदर सुटला आणि डोक्यावर आला. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी हाताला लावलेलं वळण, आबांसमोर ते आजही तसंच चालतं. माझ्या लक्षात येईपर्यंत ओसरीवरून ह्यांचा आवाज आला, आणि यावेळी एका शब्दावर भागलं नव्हतं.

"वा! ही तर समद्यात भारी निघाली!"

बाईंचा पेला भरला. त्यांनी तो उचलला. ओठांपाशी नेला.

"खाली ठेव तो!"

हा माझाच आवाज होता. वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. बाईंनी पेला खाली ठेवला. लिहून घेणाऱ्या पोरानं पेन खाली ठेवलं. मालकांच्या हातात काहीच नव्हतं, तरी त्यांनीही हात खाली केले.

"ती बाटली खराब आहे," मी म्हणाले.

"काकू, पण काकांनी आत्ताच…" मालक गोंधळून गेले.

आणि आमचे हे! काहीतरी बोलून सावरून न्यावं की नाही? ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आगं पण पदर घेतलास की तू!"

"आता आबा आले तर काय करू?" मी पण ओरडले.

आबा दारात उभे होते. आम्ही ओरडून बोललो तेवढंच त्यांना ऐकू गेलं. त्यांना राग आला. "का रं? सुनंनं माज्यासमोर पदर घिऊ नये? ह्यात इचारायचं काय?"

बाईंनी पेला पुन्हा उचलला, नाकापाशी नेला आणि हळूच बाजूला सारला. "खराबच आहे," त्या म्हणाल्या. मालकांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांना सगळं एकदम समजलं. ते ह्यांच्याकडे बघत राहिले.

हे टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. "मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "तापापासनं. दोन वर्सं झाली. आत्ता जे चाललं व्हतं ते नाक हिचं हाय."

"दोन वर्षं?" मालकांचा आवाज चढला. "काका, दोन वर्षं? मला सांगायचं नाही?"

"ही खेप निघू दे म्हणलं. माज्या हातची हाय." मला मालकांच्या अंगावर जावंसं वाटलं आणि त्याच वेळी कळत होतं की ते बरोबर आहेत.

तेवढ्यात आबा, त्या लिहिणाऱ्या पोराकडून सगळं कानात वदवून घेऊन, काठी आपटत पुढे आले आणि खुर्चीत बसले. "काय झालं? नाक गेलं? बास? आरं, मला इस वर्सं झाली ऐकू येत न्हाई, तरी मी दर ग्रामसभंला जातोच की! शेजारच्याला इचारतो काय म्हणला." त्या बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेवटी मालकही हसले. हे मात्र हसले नाहीत.

मग बाईंनी चौथी बाटली मागवली. ह्यांनाच उघडायला लावली आणि पहिला पेला माझ्यासमोर धरला. "आता तुम्ही सांगा." मी सांगितलं. भाकरी पालथी करताना, सालीसकट कैरी, आणि अगदी तळाला भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं काहीतरी. तो पोरगा भराभर लिहीत होता. मी म्हटलं, भाकरीतल्या भ ला काना देऊन लिही, मी तपासणार आहे.

हॉटेलनं वाइन घेतली. मासवडी घेतली नाही. तिच्याऐवजी त्यांनी म्हणे मशरूमचं काहीतरी ठेवलंय. माझा राग अजून गेलेला नाही.

पण ह्यांनी घर धरलं. दुसऱ्या दिवसापासून वायनरीत गेलेच नाहीत. मालकांनी नको म्हटलं नव्हतं, या असंही म्हटलं नव्हतं. हे दिवसभर ओट्यापाशी बसून तेलाची बाटली फिरवायचे. टक. टक. मी ओरडणं सोडून दिलं होतं, आणि त्यावरूनच त्यांना कळलं असणार की मलाही काळजी लागलीय. मला एवढंच वाटत होतं की हा माणूस आता असाच बसून राहील.

आठव्या दिवशी मालक मोटारसायकलवरून दारात आले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "काका, नवीन बाटल्या फळ्यांवर चढवल्यात. पोरांच्या हातून गाळ खाली येत नाही, निम्म्या गढूळच आहेत. तुम्ही फिरवायला या. आणि काकू, वासाला तुम्ही या." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पदराची खूण नको. सरळ बोला."

तेव्हापासून आम्ही दोघं ह्यांच्या स्कूटरवरून जातो. मी मागं बसते, हातात डबा. ते बाटली उघडतात, मी वास घेते, ते जिभेवर घोळवतात, आणि मग एकमेकांशी भांडून एक शब्द ठरवतो. तो शब्द सगळ्यांना मोठ्यानं हेच सांगतात. तेवढं मी त्यांना दिलंय. मी अजून थेंबही प्यायलेली नाही.

परवा दिवसभर फळ्यांशी घालवून हे माझ्यानंतर तासाभरानं घरी आले. मी भाकऱ्या करत होते. नेहमीप्रमाणे न्हाणीकडे वळले आणि मधेच थांबले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून विचारतात, "आगं, मला आजून येतो का तो वास? मला तर काय कळत न्हाई. उगाच पाणी कशाला घालवू?"

मी तव्यावरची भाकरी पालथी केली. मग उठून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या शर्टाच्या खांद्याला नाक लावलं. एवढी वर्षं ज्या वासाला मी न्हाणीत पाठवत आले, तो नीट घेतला.

"येतो," मी म्हणाले.

"कसला?"

मी तव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मग आंगुळ करू ना आदी?"

"नको," मी म्हणाले. "तसेच आत या. भाकरी गरम आहे."